जुन्या गेमिंग संगणकाचे अद्ययावतीकरण आणि सुट्या भागांची सुसंगतता

जुन्या गेमिंग संगणकाचे अद्ययावतीकरण म्हणजे संपूर्ण संगणक न बदलता त्यातील काही सुटे भाग बदलून किंवा नवे भाग जोडून त्याची खेळ चालवण्याची क्षमता वाढवणे. व्यवहारात यालाच 'अपग्रेड' म्हणतात. नवा भाग जुन्या भागांशी आकाराने, विद्युत जोडणीने, संदेशवहनाच्या मानकाने आणि आज्ञावलीच्या दृष्टीने जुळतो की नाही, या गुणधर्मास सुसंगतता म्हणतात. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, वीजपुरवठा संच, साठवण उपकरण आणि कॅबिनेट हे अद्ययावतीकरणात विचारात घेतले जाणारे प्रमुख भाग होत. हे भाग परस्परांवर अवलंबून असल्याने एकाची निवड दुसऱ्याच्या निवडीवर मर्यादा घालते. त्यामुळे भागाचा वेग किंवा किंमत पाहण्यापूर्वी त्याची सुसंगतता तपासली जाते.

पार्श्वभूमी

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याची रचना बऱ्याच अंशी खुली असल्याने इतर कंपन्यांना त्याला जोडता येतील असे भाग बनवता आले. १९९५ मध्ये इंटेल कंपनीने एटीएक्स हे मानक प्रसिद्ध केले. त्यात मदरबोर्डचे आकारमान, स्क्रूच्या छिद्रांच्या जागा आणि वीजपुरवठ्याच्या जोडण्या ठरवून देण्यात आल्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकत्र करून 'असेंबल्ड' संगणक बांधण्याची पद्धत याच मानकांवर उभी आहे.

मात्र सर्व मानके एकाच गतीने बदलत नाहीत. कॅबिनेटमधील स्क्रूच्या जागा दोन दशकांहून अधिक काळ जवळपास तशाच राहिल्या आहेत. ग्राफिक्स कार्डाची पीसीआय एक्सप्रेस जोडणी नव्या आवृत्त्यांतही जुन्या आवृत्त्यांशी जुळते. याउलट रॅमची पिढी साधारणतः सहा-सात वर्षांनी बदलते, तर इंटेलच्या प्रोसेसरचे सॉकेट अनेकदा दोन-तीन वर्षांतच बदलले आहे. जुन्या संगणकातील सुसंगततेचा प्रश्न मुख्यतः या असमान गतीतून निर्माण होतो. ज्या भागांचे मानक टिकाऊ असते ते सहज बदलता येतात. ज्यांचे मानक लवकर बदलते ते मात्र बहुधा गटानेच बदलावे लागतात.

विद्यमान भागांची नोंद

अद्ययावतीकरणाची पहिली पायरी म्हणजे संगणकात सध्या असलेल्या भागांची अचूक नोंद. विंडोज प्रणालीतील 'सिस्टम इन्फॉर्मेशन' या सुविधेतून प्रोसेसर, मदरबोर्ड व बायोसची आवृत्ती कळते. सीपीयू-झेड या मोफत आज्ञावलीतून रॅमची पिढी, किती खाचा भरलेल्या आहेत आणि रॅम एकेरी मार्गाने चालते की दुहेरी, हे समजते. वीजपुरवठा संचाची माहिती कोणत्याही आज्ञावलीतून विश्वासार्हपणे मिळत नाही. त्यासाठी कॅबिनेट उघडून संचावरील पट्टी वाचावी लागते. मदरबोर्डचे पूर्ण नाव व आवृत्ती क्रमांक बोर्डवरच छापलेला असतो. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन आवृत्त्यांत फरक असू शकतो, म्हणून हा क्रमांकही नोंदवला जातो.

प्रोसेसर, सॉकेट आणि चिपसेट

प्रोसेसर ज्या बैठकीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. इंटेलच्या सॉकेटच्या नावातील आकडा संपर्कबिंदूंची संख्या दर्शवतो. अलीकडच्या काळातील प्रमुख सॉकेट पुढीलप्रमाणे आहेत:

- एलजीए ११५५ (२०११): इंटेल कोअर मालिकेची दुसरी व तिसरी पिढी, डीडीआर३ रॅम.
- एलजीए ११५० (२०१३): चौथी पिढी आणि पाचव्या पिढीतील मोजके प्रोसेसर, डीडीआर३ रॅम.
- एलजीए ११५१ (२०१५): सहावी ते नववी पिढी, मुख्यतः डीडीआर४ रॅम.
- एलजीए १२०० (२०२०): दहावी व अकरावी पिढी, डीडीआर४ रॅम.
- एलजीए १७०० (२०२१): बारावी ते चौदावी पिढी; बोर्डानुसार डीडीआर४ किंवा डीडीआर५ रॅम.
- एएम४ (२०१६): एएमडी रायझनच्या १००० ते ५००० या मालिका; डीडीआर४ रॅम.
- एएम५ (२०२२): रायझन ७००० व त्यापुढील मालिका, डीडीआर५ रॅम.

सॉकेट जुळले म्हणजे प्रोसेसर चालेलच, असे नाही. एलजीए ११५१ हे याचे ठळक उदाहरण आहे. सहाव्या व सातव्या पिढीसाठी १०० व २०० मालिकेचे चिपसेट होते. २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये संपर्कबिंदूंची संख्या तीच राहिली, परंतु त्यासाठी ३०० मालिकेचा चिपसेट आवश्यक ठरला. जुन्या बोर्डावर हा प्रोसेसर बसतो, पण अधिकृतरीत्या चालत नाही. एलजीए १२०० सॉकेटमध्येही एच४१० व बी४६० या चिपसेटना अकराव्या पिढीसाठी अधिकृत पाठिंबा नाही.

एएमडीच्या एएम४ सॉकेटचे आयुष्य तुलनेने दीर्घ ठरले. २०१७ मध्ये घेतलेल्या अनेक बोर्डांवर २०२२ मध्ये आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर बसवता येतो. त्यासाठी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने बायोसची योग्य आवृत्ती दिलेली असावी लागते. बायोस म्हणजे संगणक सुरू होताना सर्वप्रथम चालणारी, मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेली आज्ञावली. नवा प्रोसेसर ओळखण्यासाठी तिची ठरावीक किंवा त्यापुढील आवृत्ती लागते. ही आवृत्ती जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच चढवली जाते, कारण नवा प्रोसेसर बसवल्यावर संगणक सुरूच झाला नाही, तर बहुतेक बोर्डांवर ती चढवण्याचा सोपा मार्ग उरत नाही. बायोस चढवताना वीज गेल्यास बोर्ड निकामी होण्याचा धोका असतो. त्यामुळे हे काम यूपीएसवर करणे सुरक्षित समजले जाते.

या सर्व बाबींचा निर्णायक आधार म्हणजे मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावरील त्या बोर्डाची प्रोसेसर सूची. प्रत्येक प्रोसेसरपुढे आवश्यक बायोस आवृत्ती तिथे दिलेली असते. सूचीत नसलेला प्रोसेसर विसंगत मानणे इष्ट ठरते.

प्रोसेसरवरील पंख्याची बैठकही तपासावी लागते. एलजीए ११५५ पासून एलजीए १२०० पर्यंत बैठकीच्या छिद्रांतील अंतर ७५ मिलिमीटर होते. एलजीए १७०० मध्ये ते ७८ मिलिमीटर झाले. त्यामुळे जुना पंखा नव्या बोर्डावर बसवण्यासाठी वेगळी पट्टी लागते.

रॅम

रॅमच्या डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या पिढ्या परस्परांत अदलाबदल करता येत नाहीत. त्यांची मानक विद्युतदाबाची मूल्ये अनुक्रमे १.५, १.२ व १.१ व्होल्ट आहेत. डीडीआर३ पट्टीला २४० संपर्कबिंदू असतात, तर डीडीआर४ व डीडीआर५ यांना प्रत्येकी २८८ असतात. चुकीची पट्टी बसू नये म्हणून प्रत्येक पिढीत खाचेची जागा वेगळी ठेवलेली असते. जोर लावून पट्टी बसवल्यास बोर्डाला इजा होते.

एकाच पिढीतही तीन गोष्टी पाहाव्या लागतात: बोर्डाची कमाल क्षमता, खाचांची संख्या आणि पट्ट्यांचा वेग. वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र लावल्यास सर्व पट्ट्या साधारणतः सर्वांत संथ पट्टीच्या वेगाने चालतात. १६ जीबीची एकच पट्टी लावण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्यास रॅम दुहेरी मार्गाने चालते आणि खेळांत त्याचा लाभ दिसतो. प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सवर खेळणाऱ्यांना हा लाभ विशेष जाणवतो, कारण अशा संगणकात चित्रनिर्मितीसाठीही हीच रॅम वापरली जाते.

ग्राफिक्स कार्ड

खेळांच्या दृष्टीने ग्राफिक्स कार्ड हा बहुधा सर्वाधिक परिणामकारक बदल असतो. पीसीआय एक्सप्रेसच्या आवृत्त्या परस्परांशी जुळत असल्याने नवे कार्ड जुन्या बोर्डावर सहसा चालते, मात्र ते बोर्डाच्या वेगापुरते मर्यादित राहते. येथे मार्गिकांची संख्या महत्त्वाची ठरते. पूर्ण आकाराच्या खाचेत १६ मार्गिका असतात. काही स्वस्त कार्डे त्यांपैकी मोजक्याच वापरतात. जानेवारी २०२२ मध्ये आलेले रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड चारच मार्गिका वापरते आणि त्याची स्मृती ४ जीबी आहे. चौथ्या आवृत्तीच्या खाचेत ते जितके चालते, त्यापेक्षा तिसऱ्या आवृत्तीच्या जुन्या बोर्डावर अनेक खेळांत लक्षणीयरीत्या मंद चालते. जुन्या संगणकांसाठीच घेतल्या जाणाऱ्या स्वस्त कार्डाला जुन्या संगणकातच अधिक फटका बसतो, हा यातील विरोधाभास आहे. इंटेलच्या आर्क मालिकेतील कार्डांना पूर्ण क्षमतेसाठी 'रिसायझेबल बार' ही सुविधा लागते. ती अनेक जुन्या बोर्डांवर नसते.

कार्डाची लांबी, जाडी आणि मॉनिटरची जोडणी हेही तपासण्याचे मुद्दे आहेत. भारतातील अनेक जुन्या मॉनिटरना केवळ व्हीजीए जोडणी असते, तर नव्या कार्डांवर एचडीएमआय व डिस्प्लेपोर्ट याच जोडण्या आढळतात. अशा वेळी अंकीय संकेताचे सदृश संकेतात रूपांतर करणारा परिवर्तक लागतो. साधी जोडतार पुरत नाही.

वीजपुरवठा संच

वीजपुरवठा संचाला बाजारात एसएमपीएस म्हणतात. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड मुख्यतः १२ व्होल्टच्या वाहिनीवरून वीज घेतात. त्यामुळे संचावर ठळक छापलेल्या एकूण वॉटपेक्षा १२ व्होल्ट वाहिनीचे अँपिअर महत्त्वाचे ठरतात. उदाहरणार्थ, '४५० वॉट' असे लिहिलेल्या संचाच्या पट्टीवर १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर नोंदवलेले असल्यास त्या वाहिनीवर प्रत्यक्षात १२ × १६ = १९२ वॉटच उपलब्ध असतात.

पीसीआय एक्सप्रेसची खाच कार्डाला कमाल ७५ वॉट देते. सहा पिनांची स्वतंत्र जोडणी आणखी ७५ वॉट आणि आठ पिनांची जोडणी १५० वॉट देण्यासाठी असते. जीटीएक्स १६५० च्या अनेक नमुन्यांना वेगळी जोडणी लागत नाही. संचात आवश्यक जोडणी नसताना जुन्या हार्ड डिस्कच्या तारेवरून परिवर्तक लावून ती तयार करणे धोक्याचे असते, कारण त्या तारा व जोडण्या तितका विद्युतप्रवाह सतत वाहून नेण्यासाठी बनवलेल्या नसतात. सुट्या तारांच्या संचात एका संचाची तार दुसऱ्या संचाला लावल्यासही उपकरणे जळू शकतात, कारण संचाकडील बाजूच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते.

'८० प्लस' हे प्रमाणपत्र संचाची ऊर्जाकार्यक्षमता दर्शवते. संरक्षक मंडले, भागांचा दर्जा किंवा पुरेशी क्षमता यांची हमी त्यातून मिळत नाही.

मोठ्या कंपन्यांचे नूतनीकृत कार्यालयीन संगणक स्वस्तात मिळत असल्याने ते गेमिंगसाठी घेतले जातात. त्यांतील काहींचे मदरबोर्ड, वीज जोडण्या आणि कॅबिनेट एटीएक्स मानकानुसार नसतात. अशा संगणकात सामान्य संच बसत नाही आणि कमी उंचीचेच ग्राफिक्स कार्ड मावते.

साठवण उपकरण

हार्ड डिस्कऐवजी एसएसडी लावणे हा जुन्या संगणकातील सर्वांत सुलभ बदल आहे. त्यामुळे संगणक सुरू होण्याचा व खेळ उघडण्याचा वेळ बराच घटतो, मात्र ग्राफिक्सची क्षमता वाढत नाही. २.५ इंची साटा एसएसडी जवळपास सर्व जुन्या बोर्डांवर चालते. एम.२ हे केवळ आकार व खाचेचे नाव आहे. त्या खाचेत साटा किंवा एनव्हीएमई यांपैकी एकच प्रकार चालत असू शकतो. एनव्हीएमई एसएसडी परिवर्तक कार्डावर लावता येते, परंतु बोर्डाचे बायोस तिला ओळखत नसेल तर तिच्यावरून विंडोज सुरू होत नाही.

कार्यप्रणाली आणि खेळांच्या अटी

भाग एकमेकांशी जुळले तरी खेळाच्या अटी पूर्ण होतीलच असे नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० व सिक्युअर बूट या सुविधा तसेच अधिकृत सूचीतील प्रोसेसर लागतो. या सूचीत सामान्यतः इंटेलची आठवी पिढी व एएमडी रायझन २००० मालिका यांपासूनचे प्रोसेसर आहेत. व्हॅलोरंट हा खेळ विंडोज ११ वर चालवताना त्याची फसवणूकविरोधी प्रणाली टीपीएम २.० व सिक्युअर बूट यांची मागणी करते.

काही अटी वेगाच्या नसून क्षमतेच्या असतात. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' या खेळाला किरण-अनुरेखनाची यांत्रिक सुविधा असलेले कार्ड अनिवार्य आहे. त्यामुळे एकेकाळचे महागडे जीटीएक्स १०८० टीआय कार्डही त्यासाठी अपात्र ठरते. काही नवे खेळ प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ हा आज्ञासंच असल्याचे गृहीत धरतात. इंटेलने तो २०१३ च्या चौथ्या पिढीपासून दिला.

उदाहरण

२०१२ च्या सुमाराचा एक नमुनेदार संगणक घेतल्यास सुसंगततेची साखळी स्पष्ट होते. त्यात एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, कोअर आय५-३४७० प्रोसेसर, ४ जीबी डीडीआर३ रॅम आणि हार्ड डिस्क आहे, असे मानू.

साटा एसएसडी लगेच चालते. एच६१ चिपसेटमध्ये साटाचा ३ गिगाबिटचाच वेग असल्याने एसएसडीचा पूर्ण वेग मिळत नाही, तरीही हार्ड डिस्कच्या तुलनेत फरक मोठा असतो. रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्यांनी १६ जीबीपर्यंत वाढते. बायोस योग्य असल्यास वापरलेला आय७-३७७० प्रोसेसर बसतो. दोन्ही प्रोसेसरची उष्णता मर्यादा ७७ वॉट असल्याने वीज व पंख्याचा प्रश्न सहसा येत नाही. जीटीएक्स १६५० सारखे ७५ वॉटचे कार्ड जोडल्यास प्रोसेसर व कार्ड मिळून सुमारे १५० वॉट लागतात. डिस्क व पंखे धरता वर उल्लेखलेला १९२ वॉटचा संच काठावर येतो आणि तो बदलणे आवश्यक ठरते.

यापुढे मात्र साखळी थांबते. या प्रोसेसरना एव्हीएक्स२ नाही, विंडोज ११ चा अधिकृत पाठिंबा नाही आणि बोर्डावर एम.२ खाच सहसा नसते. नवा प्रोसेसर हवा असल्यास नवा बोर्ड व नवी रॅम एकत्रच घ्यावी लागते. एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, कॅबिनेट आणि नवा घेतलेला संच हे पुढच्या संगणकात नेता येतात. जुना प्रोसेसर व डीडीआर३ रॅम यांवर केलेला खर्च मात्र तिथेच संपतो. म्हणून मर्यादित रकमेत पुढे नेता येणाऱ्या भागांना प्राधान्य देणे किफायतशीर ठरते.

ग्रामीण महाराष्ट्रातील संदर्भ

मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा संगणकाच्या सुट्या भागांचा प्रसिद्ध बाजार आहे. तिथे ग्राहकाला भाग पाहून घेता येतो व दुकानदाराला विचारता येते. बीड जिल्ह्याच्या परळी वैजनाथ तालुक्यातील सिरसाळ्यासारख्या गावापासून असा बाजार शेकडो किलोमीटर दूर आहे. त्यामुळे ऑनलाइन खरेदीत निवड आधीच अचूक असणे अधिक महत्त्वाचे ठरते. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार सदोष, बनावट किंवा जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. परंतु निर्दोष भाग ग्राहकाच्या बोर्डाशी न जुळणे हा मालातील दोष नव्हे. अशा वेळी परतावा विक्रेत्याच्या धोरणावर अवलंबून राहतो.

भारतात घरगुती वीज नाममात्र २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ असते. ग्रामीण वाहिन्यांवर दाब कमी-जास्त होत असल्याने संचाची दाबमर्यादा पाहिली जाते. 'अॅक्टिव्ह पीएफसी' असलेले अनेक संच विस्तृत दाबमर्यादेत चालतात, मात्र चौरस तरंगाच्या इन्व्हर्टरवर त्यांतील काही बंद पडू शकतात. त्यांच्यासाठी शुद्ध साइन तरंगाचा इन्व्हर्टर किंवा यूपीएस अधिक योग्य असतो. यूपीएसवरील व्हीए आणि वॉट हे आकडे वेगळे आहेत. ६०० व्हीएचे अनेक छोटे यूपीएस सुमारे ३६० वॉटच देतात. भूसंपर्कन, म्हणजेच अर्थिंग, नसल्यास धातूच्या कॅबिनेटला हात लावताना झिणझिण्या येऊ शकतात आणि वापरणाऱ्यालाही धोका असतो.

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. भागांचे तापमान खोलीच्या तापमानावर अवलंबून असते. हिवाळ्यात २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर चालणारे कार्ड ४० अंशांच्या खोलीत साधारणतः ८५ अंशांकडे सरकते. त्यामुळे जाळीदार कॅबिनेट, धूळ गाळणारी जाळी आणि नियमित सफाई यांचा विचार कार्ड निवडतानाच केला जातो.

वापरलेले भाग आणि ई-कचरा

जुन्या सॉकेटचे प्रोसेसर व डीडीआर३ रॅम आता मुख्यतः वापरलेल्या स्वरूपातच मिळतात. प्रोसेसर सहसा दीर्घकाळ टिकतो, तर वापरलेला वीजपुरवठा संच घेणे टाळले जाते, कारण त्यातील कपॅसिटर कालांतराने कमकुवत होतात आणि त्यांच्या बिघाडाने इतर भागही निकामी होऊ शकतात. वापरलेले ग्राफिक्स कार्ड घेताना ते भाराखाली काही काळ चालवून पाहणे आवश्यक असते.

काढलेले भाग भंगारात देण्याऐवजी ते ज्या बोर्डावर चालतील अशा दुसऱ्या संगणकात वापरता येतात. निकामी भागांची विल्हेवाट १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ च्या कक्षेत येते. या नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांपर्यंत पोहोचणे अपेक्षित आहे.